रुतलेल्या गाडीची उसनी अवजारं

रस्ता नसलेल्या मुलखात आठवडेच्या आठवडे फिरणाऱ्या गाड्यांवर आज ठरावीक सामान दिसतं: छताला बांधलेल्या भोकांच्या फळ्या, मागच्या दाराला उंच जॅक, पुढच्या बंपरवर विंच (दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र), पोत्यात गुंडाळलेला नायलॉनचा जाड पट्टा. कुणीतरी विचारपूर्वक जुळवलेला संच असावा, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर यातल्या बहुतेक वस्तू दुसऱ्याच कामासाठी तयार झाल्या होत्या. कुणी खाणीतून आलं, कुणी शेतातून, कुणी थेट युद्धातल्या भंगारातून. प्रवाशांनी त्या उचलल्या आणि आपल्या कामाला जुंपल्या.

पहिली अडचण मात्र वाळू-चिखलाची नव्हती, पंक्चरची होती. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतलं होतं, पण तो चालला नाही. १८८८ मध्ये डनलॉपने तो पुन्हा शोधून काढला, तेव्हा सायकलींमुळे त्याला गिऱ्हाईक मिळालं. तो टायर चाकाला डिंकाने चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायला तासन् तास लागत आणि वर डिंक वाळायची वाट बघावी लागे. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. वाटेत बसून पंक्चर काढणं खऱ्या अर्थाने शक्य झालं ते तिथून. चार वर्षांनी त्यांनीच हवेचे टायर मोटारीला बसवून पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत उतरवले, तेव्हा वाटभर पंक्चरवर पंक्चर होत राहिली. जास्तीचं चाक सोबत बाळगायची कल्पना १९०४ सालची, वेल्समधल्या लानेल्ली गावची. आरे नसलेली, हवा भरलेली एक धाव बसलेल्या चाकाला बाहेरून आवळायची आणि पुढे निघायचं. ज्या स्टेपनी स्ट्रीटवर ती बनत असे, त्या रस्त्याचं नाव तिला कायमचं चिकटलं.

१९०७ च्या पेकिंग (आजचं बीजिंग) ते पॅरिस मोटार मोहिमेत इटालियन राजपुत्र बोर्गेसे यांच्या इटाला गाडीला मडगार्डच्या जागी लांब फळ्या लावल्या होत्या. खड्डा आला की त्या सोडवून चाकांखाली टाकायच्या. डोंगरात ही गाडी खेचरांनी आणि माणसांनी दोरांनी ओढून नेली. रशियात एक चाक मोडलं, तेव्हा खेड्यातल्या सुताराने नवं घडवून दिलं. म्हणजे तोवर गाडी बाहेर काढायचं मुख्य साधन माणसंच होती.

वाळवंटात ढकलायला गाव नसतं. तिथला प्रश्न सोडवला राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९३० च्या सुरुवातीला त्याने मित्रांसह फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं. कैरोच्या भंगारबाजारात त्यांना पोलादी पन्हळी मिळाल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी केलेला तो माल होता. गाडी रुतली की मागच्या चाकांपुढची वाळू उकरून उतार करायचा, पन्हळी चाकांच्या पोटाखाली सारायच्या, सगळ्यांनी खांदा लावायचा. गाडी सुटली की ड्रायव्हरने थांबायचं नाही, घट्ट जमीन लागेपर्यंत जात राहायचं. तापलेल्या पन्हळी उचलून मागून धावत यायचं काम बाकीच्यांचं. १९४० मध्ये बॅगनॉल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटात दूरवर फिरणारी लष्करी तुकडी उभी केली, तेव्हा हीच पद्धत शेवरले ट्रकांवर चढली.

माझ्या मते त्या काळातला त्याहून मोठा धडा म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. त्याला एक दमडी लागत नाही. तीस-पस्तीस पौंडांची हवा पंधरा-अठरावर आणली की टायर जमिनीवर पसरतो. रुंदीला थोडासा, लांबीला बराच. वजन वाटलं जातं आणि चाक वाळू खणत बसण्याऐवजी तिच्यावरून जातं. १९४२ च्या डीयूकेडब्ल्यू या पाण्यात तरंगणाऱ्या अमेरिकन लष्करी ट्रकात तर चालवता चालवता बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करायची सोय होती. बाकीच्यांची खरी पंचाईत घट्ट रस्त्यावर परतल्यावर होते. कमी हवेत वेग घेतला की टायर तापतो आणि फाटतो. त्यामुळे वाळूत हवा सोडणाऱ्याला ती परत भरायचा पंप लागतोच. नवखे लोक आधी विंचला पैसे घालतात आणि पंपाला मागे ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक भंगार दिलं. अमेरिकन सैन्याने झटपट धावपट्ट्या अंथरायला भोकं पाडलेले पोलादी पत्रे केले होते. १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन ६६ पौंड. १९४१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्स्टन गावाजवळ ते पहिल्यांदा अंथरले गेले. लढाई संपल्यावर त्यांचेच तुकडे कापून सहारात जाणाऱ्या गाड्यांना लागले. २००० नंतर ऑस्ट्रेलियात दातेरी प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या. त्या हलक्या खऱ्या, पण चाक जागीच फिरवलं तर दात वितळतात.

उंच जॅक अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्डचा, १९०५ पासूनचा. शेतावरचे खांब उपटायलाही तो चाले. गाडी उचलताना मात्र सांभाळून वापरावा लागतो: दांडा निसटला तर जबडा फुटतो.

पट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. साखळी किंवा साध्या दोराने हिसका दिला तर सगळा धक्का चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर येतो. नायलॉन ताणतो. ओढणारी गाडी धाव घेते, पट्टा पाचव्या हिश्श्याएवढा लांबतो आणि आक्रसताना रुतलेल्या गाडीला उपटून काढतो. नायलॉन १९३५ चा. दुसऱ्या महायुद्धात ग्लायडर ओढायला त्याचेच दोर वापरले गेले. पुढे ब्रिटिश लष्कराने रणगाडे काढायलाही असा ताणणारा दोर घेतला. हा ताण जितका उपयोगी तितकाच घातक. ट्रेलर जोडायचा गोळा सावकाश ओढीसाठी असतो. पट्टा त्याला अडकवून हिसका दिला तर गोळा तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो. यात माणसं दगावली आहेत. ऑस्ट्रेलियात अशा पट्ट्यांवर इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

टायरच्या बाजूने मोठा बदल १९४७ नंतरचा. गुडरिच कंपनीने ट्यूबलेस आणला आणि चाक न काढता पंक्चर काढायची वाट मोकळी झाली. खिळा उपटायचा, कानशीसारख्या सळईने भोक खरवडून घ्यायचं, सुईच्या नेढ्यात चिकट वादी ओवून आत ढकलायची आणि झटक्यात सुई ओढायची. वादी आत दुमडून बसते. हे जमतं ते जमिनीला टेकणाऱ्या भागात. बाजूला दगडाने चीर पाडली तर जास्तीचं चाकच लागतं.

विंचचा इतिहास वायर रोपपासून, म्हणजे पोलादी तारांच्या दोरापासून धरावा लागेल. तो हार्झ पर्वतातल्या खाणींसाठी विल्हेल्म अल्बर्टने १८३४ मध्ये वळला. जीपसाठी लॉकिंग हब (पुढची चाकं इंजिनाच्या ओढीला जोडायचे-सोडायचे भाग) करणाऱ्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी गाड्यांसाठी विजेवरची विंच काढली. तुटलेली वायर सापासारखी उलटते, म्हणून तिच्यावर जाड गोणपाट किंवा जाकीट टाकायची रीत पडली. १९९० च्या दशकापासून डायनीमासारखा कृत्रिम दोर बाजारात आहे. तो पाण्यावर तरंगतो आणि तुटला तरी बराचसा जागीच पडतो. त्याचं वावडं उष्णतेशी. बहुतेक विंचमध्ये दोर गुंडाळायच्या ड्रमच्या आतच ब्रेक असतो. गाडी दोरावर खाली सोडताना ड्रम तापतो आणि आतले पहिले वेढे भाजतात. १९७४ च्या वॉर्न ८२७४ या विंचमध्ये ड्रमच्या बाहेर ब्रेक आहे. कृत्रिम दोर वापरणारे ती जुनी विंच अजून शोधतात, त्याचं एक कारण हेच.