विजेची सायकल आणि लबाडीचा जुना आरोप

विजेच्या सायकलीवर बसणाऱ्याला कधी ना कधी ऐकावं लागतं, ‘ही तर चीटिंग झाली.’ हा आरोप नवा नाही. मोटर सायकलीत रुळायच्या कितीतरी आधी तो गिअरवर झाला होता, आज शाळकरी पोरांच्या सायकलींनाही असतात त्याच गिअरवर.

१९०२ साली आंरी देग्रांज या फ्रेंच संपादकाने लिहिलं की गिअर बदलणारी सायकल पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना ठीक आहे. बाकीच्यांनी यंत्राच्या क्लृप्तीपेक्षा स्नायूंच्या जोरावर जिंकावं, आपण सगळे मऊ पडत चाललो आहोत. देग्रांज आरामखुर्चीत बसून बोलत नव्हता. १८९३ मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून त्याने तासाच्या विक्रमाच्या यादीत पहिलं नाव लावलं होतं. पुढे १९०३ मध्ये त्यानेच टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सुरू केली आणि नियमही त्याच्या मनासारखे झाले. चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारं डिरेलर टूरमध्ये वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना कमीजास्त दातांची चक्रं असत. मोठा चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. माथ्यावर पोहोचलं की उतारासाठी परत तोच उद्योग.

गिअर तेव्हा मिळत नव्हते असं मात्र नाही. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनचा पॉल द विवी, ‘वेलोसिओ’ या नावाने लिहिणारा, आपल्या मासिकातून वर्षानुवर्षं सांगत होता की डोंगराळ भागात फिरायचं तर एकाहून जास्त गिअर हवेतच. त्याचे वाचक हौशी भटके होते. त्यांना कोणाला हरवायचं नव्हतं, संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावात पोहोचायचं होतं. म्हणजे एकाच यंत्राकडे दोन नजरांनी पाहिलं जात होतं: एक शर्यतीची, दुसरी प्रवासाची. विजेच्या सायकलीवरचा आजचा वाद याच दोन नजरांचा आहे.

देग्रांजने दिलेली पंचेचाळिशीची सवलतही विसरू नये. आजही विजेच्या सायकलीला नाक मुरडणारा माणूस पुढे हळूच जोडतो, ‘गुडघे दुखणाऱ्यांचं, वय झालेल्यांचं ठीक आहे म्हणा.’ आरोप आणि त्याला जोडलेली ही माफी, दोन्ही १९०२ पासून जवळपास जशीच्या तशी चालत आली आहेत.

शर्यतीत ‘मदत’ या शब्दाचा अर्थ किती ताणला जाई याचं १९१३ च्या टूरमधलं उदाहरण नुसतं वाचूनही अंगावर येतं. पिरेनीज पर्वतात युजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. स्पर्धकाने आपली दुरुस्ती आपणच करायची, असा नियम. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर टाकून मैलोनमैल चालत डोंगर उतरला, एका गावात लोहाराची भट्टी गाठली आणि अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात स्वतः फोर्क जोडला. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून भट्टीचा भाता एका पोराने चालवला. एवढ्यावरून त्याच्या खात्यात दहा मिनिटांचा दंड लावला गेला, जो पुढे तीन मिनिटांवर आणला. भात्यातून आलेली हवा ही ‘बाहेरची मदत’ ठरली!

हे वेडेपण वाटलं तरी त्याला एक तर्क आहे. कोणाचे पाय सरस, हे ठरवायला शर्यत असते. पायांखेरीज जे जे काही जोर लावेल ते निकाल बिघडवतं, म्हणून ते वर्ज्य. हा तर्क शर्यतीच्या दोरीच्या आत चोख चालतो. घोटाळा सुरू होतो तो हाच तर्क दोरी ओलांडून कामावर जाणाऱ्या, भाजी आणणाऱ्या, मुलाला शाळेत सोडणाऱ्या माणसाला लावला जातो तेव्हा.

खरं तर सायकल हे यंत्र घडलं तेच श्रम वाचवत. १८१७ मध्ये कार्ल द्राइसने मानहाइममध्ये दोन चाकांची गाडी चालवली तिला पेडल नव्हतं, पायाने जमीन मागे ढकलत जायचं. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लागलं. मग पुढचं चाक अवाढव्य करून वेग मिळवायचा प्रकार आला. जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ने चेनच्या जोरावर तो वेग लहान चाकात आणला आणि पडून मान मोडायची भीतीही कमी केली. हवेच्या टायरची कथा तर गमतीची. जॉन बॉइड डनलॉपने तो आधी मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विल्यम ह्यूम ते जाडजूड टायर लावून उतरला तेव्हा लोक हसले. तो भराभर जिंकत गेला आणि हसू मावळलं. आपले दणके हवेने झेलले म्हणून आज कोणी शरमत नाही. पेडल न मारता उतारावर घरंगळू देणाऱ्या फ्रीव्हीलबद्दलही तेच.

शर्यतीचे नियम मोटर नसतानाही सायकलीला सायकलपणातून बाद करू शकतात, हे १९३३-३४ मध्ये दिसलं. फ्रान्सिस फोर मागे रेलून चालवायच्या, झोपाळ्यासारख्या सायकलीवर बसला आणि एका तासात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापून त्याने ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. जोर सगळा त्याच्याच पायांचा होता, फरक फक्त हवेला कापायच्या पद्धतीत. तरीही सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, यूसीआयने, १९३४ मध्ये सायकलीची व्याख्याच अशी बांधली की ही बैठक बाहेर पडली. त्यानंतर रेलून चालवायची सायकल मोठ्या बाजारातून जवळपास दिसेनाशी झाली. शर्यतीत चालत नाही ते दुकानातही चालत नाही, या सवयीचा हा मासला.

आता मोटर. विजेची सायकल ही काल-परवाची कल्पना समजली जाते, पण ऑग्डेन बोल्टन या अमेरिकी माणसाने मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळवलं होतं. दोन वर्षांनी होझिया लिबीचं पेडलच्या आसाजवळ मोटर असलेलं पेटंट आलं. हबमधली आणि मध्यावरची, या दोन्ही जागा आजही मोटरसाठी वापरल्या जातात. आराखडे होते, बॅटरी नव्हती. शिशाच्या बॅटरीचं वजन सायकलीला पेलणारं नव्हतं आणि तेवढ्यात पेट्रोलचं इंजिन पुढे गेलं. १९४६ पासून फ्रान्समध्ये विकली जाऊ लागलेली व्हेलोसोलेक्स, पुढच्या चाकावर छोटं इंजिन टेकवलेली, त्याच वाटेवरची. तिला कोणी लबाडी म्हटलं नाही, कारण तिचा आवाज आणि धूर ती काय आहे ते लपवत नव्हते.

हा धागा महत्त्वाचा आहे. आरोपाला धार आली ती मोटर दिसेनाशी, ऐकू येईनाशी झाल्यावर.

ते वळण १९९३ चं. जपानच्या यामाहाने ‘पास’ नावाची सायकल विकायला काढली. तिचं वेगळेपण मोटरच्या ताकदीत नव्हतं. पेडलवर पाय किती जोराने दाबतो आहे हे सेन्सर मोजायचा आणि मोटर त्या प्रमाणात हातभार लावायची. पाय थांबले की मोटर थांबली. हे प्रमाणही ठरवून दिलेलं होतं: ताशी १५ किलोमीटरपर्यंत माणसाच्या जोराइतकाच मोटरचा जोर, पुढे तो घटत घटत २४ ला शून्य. २००८ मध्ये जपानने नियम सैल केला आणि ताशी १० किलोमीटरपर्यंत माणसाच्या दुप्पट मदतीला मुभा दिली. फायदा कोणाचा झाला? पुढे एक आणि मागे एक मूल बसवून चढ चढणाऱ्या आयांचा, आणि वयस्कांचा. देग्रांजच्या कल्पनेतला गडी या गिऱ्हाइकांत शोधूनही सापडला नसता.

इथून पुढे बऱ्याच कायद्यांनी पेडलभोवती रेघ ओढली, सगळ्यांनी नाही. युरोपीय संघात २५० वॉटपर्यंतची मोटर, पेडल मारतानाच मदत आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, अशी गाडी कायद्याने सायकलच. अमेरिकेच्या २००२ च्या संघीय कायद्याने मोटरला ७५० वॉट आणि ताशी २० मैलांपर्यंत सूट दिली, पेडल न मारता गाडी पळवणारा, हाताने पिळायचा थ्रॉटलही चालवून घेतला. चीनमध्ये तर थ्रॉटलवर चालणाऱ्या गाड्याच कोट्यवधींनी रस्त्यावर आल्या. तिथे वाद झाले ते वेगाचे, वजनाचे, आगींचे आणि शहरातल्या बंदीचे. २०१९ पासून लागू झालेल्या मानकाने २५ किलोमीटर वेग आणि ५५ किलो वजनाची मर्यादा घातली. घामाची चोरी हा तिथल्या वादाचा मुद्दा कधी झाला नाही, कारण ही गाडी खेळातून आलीच नव्हती. ती आली कामाला जायच्या निकडीतून.

थोडा हिशोब करू. सायकल धरून ९० किलो वजन सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने न्यायला साधारण ५० वॉट लागतात. तेच वजन शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ ने न्यायचं तर १७० वॉटच्या आसपास जावं लागतं. सराव नसलेल्या माणसाला बराच वेळ झेपेल अशी ताकद शंभर वॉटच्या आगेमागे असते. म्हणजे सपाटीला मोटर असली काय नि नसली काय, फार फरक नाही. चढावर मात्र सायकलवर बसून राहणं आणि उतरून ढकलत नेणं यातलं अंतर मोटर भरून काढते. आळशी माणूस आणि अशक्त माणूस चढावर दिसायला सारखेच दिसतात, ही या आरोपातली मोठी गोची.

लबाडी हा शब्द शब्दशः खरा ठरला तो जानेवारी २०१६ मध्ये, बेल्जियममधल्या झोल्डरला. सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीच्या, जागतिक स्पर्धेत २३ वर्षांखालील गटातल्या फेम्के व्हान देन द्रीशे हिच्यासाठी ठेवलेल्या सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. सायकल आपली नाही असं ती म्हणाली. यूसीआयने तिच्यावर सहा वर्षांची बंदी आणि २०,००० स्विस फ्रँकचा दंड लादला. तेव्हापासून मोठ्या शर्यतींत सायकली चुंबकीय तपासणीखाली आणि पुढे क्ष-किरणांखालीही जाऊ लागल्या. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच यूसीआयने कॅनडातल्या माँ-सेंत-आनला विजेच्या माउंटन बाइकची पहिली जागतिक शर्यत भरवली आणि विजेत्यांना जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातली. एकाच संघटनेच्या हातून मोटरला शिक्षाही झाली आणि सन्मानही. फरक इतकाच होता की माँ-सेंत-आनला मोटर सगळ्यांकडे होती आणि सगळ्यांना ठाऊक होती.

आळसाच्या आरोपाचा निकाल जरा वेगळ्या ठिकाणी लागतो, कारण तो मोजता येतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी बैठं काम करणाऱ्या २० जणांना महिनाभर विजेच्या सायकलीने कामावर ये-जा करायला लावलं; त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढलेली दिसली. ओस्लोत विजेची सायकल वापरायला दिलेल्यांचं रोजचं सायकलवरचं अंतर ४.८ वरून १०.३ किलोमीटरवर गेलं. सात युरोपीय शहरांतल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत विजेची सायकल वापरणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली. दर किलोमीटरला श्रम कमी, पण किलोमीटर जास्त. यात एक मेख आहे. मोटारीतून उतरून विजेच्या सायकलीवर आलेल्याची हालचाल स्पष्ट वाढते. साधी सायकल सोडून आलेल्याची बहुतेक थोडी घटते. तेव्हा आळशी कोण, हे तो आधी कशावरून उतरला यावर ठरतं, आणि रस्त्यावर त्याच्याकडे नुसतं पाहून ते कळत नाही.

जिथे आरोप टिकतो अशा जागा आहेत, आणि त्या बोलून दाखवल्या पाहिजेत. मर्यादा उडवण्यासाठी चिप बसवून ताशी ४५ ने पळणारी गाडी सायकलीच्या मार्गिकेत घालणं ही सरळ फसवणूक आहे. तिथे चालणाऱ्याच्या हाडांचा प्रश्न असतो. फोनवरच्या अॅपमध्ये चढाच्या वेळांची यादी असते, तिथे मोटरची फेरी साध्या सायकलीच्या नावाखाली नोंदवणंही तसंच. म्हणूनच त्या अॅपमध्ये विजेच्या सायकलीचा प्रकार वेगळा ठेवलेला असतो.

आणि नियम पाळणाऱ्या गाडीचं ताशी २५ च्या पुढे काय होतं, हे टोमणा मारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. तिथे मोटर अंग काढून घेते. वीस-पंचवीस किलोचं धूड, बॅटरीसकट, पुढे फक्त पायांनी रेटावं लागतं. सपाट रस्त्यावर आठ-नऊ किलोच्या सायकलीवरचा माणूस शेजारून सहज निघून जातो, आणि विजेवाला मागे राहून धापा टाकत असतो.