कनेक्टिंग रॉडचे बोल्ट : मजबुतीआधी ताण

वेगवान गाडीचे इंजिन नव्याने बांधायला घेतले की पैसा आणि चर्चा पिस्टन, कॅमशाफ्ट, टर्बो यांच्याभोवतीच फिरते. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याच्या क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाची कॅप, म्हणजे अर्धगोल झाकण, धरून ठेवणारे दोन बोल्ट यादीत तळाला राहतात. त्यातला एक तुटला की कॅप उघडते, मोकळा झालेला रॉड ब्लॉकची भिंत फोडतो आणि आतले फारसे काही वाचत नाही. म्हणून जाणकार मेकॅनिक पहिला खर्च इथे करायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण तो सल्ला ‘जास्त मजबूत बोल्ट घ्या’ एवढ्यावरच थांबला, तर हे बोल्ट असे का घडत गेले यातला निम्मा भाग सुटतो.

चार-स्ट्रोक इंजिनात या बोल्टांची कसोटी स्फोटाच्या वेळी लागत नाही. स्फोटाचा दाब रॉडमधून थेट क्रँकवर उतरतो, कॅपला त्याची झळ फारशी लागत नाही. कसोटी लागते ती जळालेला वायू बाहेर ढकलणारा एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना. पिस्टन वर आलेला असतो, व्हॉल्व्ह उघडे असतात, त्याला अडवायला सिलिंडरमध्ये दाबच नसतो. त्याला थांबवून पुन्हा खाली ओढायचे काम रॉडला करावे लागते आणि मोठ्या टोकाशी ते सगळे दोन बोल्टांवर येते. ८६ मिमी स्ट्रोकचे इंजिन घ्या, पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून ६०० ग्रॅम धरा. ७००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांना, ही ओढ सुमारे १८,००० न्यूटन होते, म्हणजे जवळपास १.८ टन. ८००० ला ती २३,५०० न्यूटनवर जाते. आरपीएम १४ टक्क्यांनी वाढले, ओढ ३१ टक्क्यांनी, कारण ती आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय ७००० ला हा हिसका सेकंदाला ५८ वेळा बसतो. आरपीएम तेवढेच ठेवून टर्बोने ताकद वाढवली तर या ओढीत मोठा फरक पडत नाही. उतरत्या गिअरमध्ये चूक होऊन इंजिन कमाल वेगाच्या लाल रेषेपलीकडे फेकले गेले तर मात्र लगेच पडतो, आणि तिथे वेगाला लगाम घालणारा रेव्ह लिमिटरही वाचवू शकत नाही.

वाफेच्या इंजिनांना हा प्रश्न एवढा छळत नव्हता. त्यांचा वेग कमी होता, आणि पुष्कळ इंजिनांत रॉडचे टोक लोखंडी पट्टा आणि पाचर ठोकून बसवलेले असे. ओटोचे १८७६ चे चार-स्ट्रोक इंजिनही मिनिटाला दोनशेच्या आतबाहेरच फिरे. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ पर्यंत हा वेग सहाशेच्या घरात नेला. वेग तिप्पट म्हणजे त्याच वजनाच्या पिस्टनची ओढ नऊपट. रॉडच्या बोल्टांची खरी कथा तिथून सुरू होते.

ते का तुटतात याचे पहिले उत्तर मात्र मोटारीतून आले नाही, ते रेल्वेतून आले. प्रशियात आउगुस्ट व्योलर यांनी १८५० नंतरच्या काळात डब्यांच्या आसांवर दीर्घ प्रयोग केले. एकदाच दिलेला जो भार आस सहज पेलतो, त्याहून कमी भार लाखो वेळा आलटून पालटून दिला तर तोच आस तुटतो, हे त्यांनी दाखवून दिले. धातूचा हा थकवा रॉडच्या बोल्टांना तंतोतंत लागू होतो. तुटलेल्या बोल्टाचा छेद पाहिला तर बहुधा आट्यांच्या तळाशी किंवा डोक्याखालच्या वळणात सुरू झालेली जुनी चीर दिसते, आणि उरलेला भाग शेवटी एका झटक्यात फाटलेला असतो.

जुन्या मोटारींच्या काळात लोकांना भीती होती ती नट सैल होण्याची. म्हणून खाचांचा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन, हा प्रघात पडला. माझ्या मते या पिनेने जेवढे वाचवले तेवढेच नुकसानही केले. खाच आणि भोक जुळावे म्हणून मेकॅनिक नट थोडा पुढे घेई किंवा थोडा मागे सोडी, आणि बोल्टातला ताण नेमका तिथेच बिघडे. नट जागचा हलत नसे, बोल्ट मात्र तुटे.

ताणाचे महत्त्व नीट उलगडले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. जर्मनीत र्योत्शर यांनी १९२७ मध्ये, बोल्टाखाली दाबले गेलेले भाग शंकूच्या आकारात कसे दबतात याचे गणित मांडले. डार्मश्टाट इथे आउगुस्ट थुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात बोल्टांवर थकव्याच्या चाचण्या घेतल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात जॉन आल्मेन याच वाटेने गेले. पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून धातूचा थकवा लांबवण्याच्या पद्धतीत, माऱ्याचा जोर मोजायला आजही वापरली जाते ती आल्मेन पट्टी त्यांचीच.

या सगळ्यांच्या कामाचे सार असे. बोल्ट कसला की तो ताणला जातो आणि कॅप व रॉड एकमेकांवर दाबले जातात. बाहेरून येणारी ओढ या दाबापेक्षा कमी आहे तोवर सांधा उघडत नाही, आणि त्या ओढीचा थोडासाच वाटा बोल्टाच्या वाट्याला येतो. थकवा येतो तो ताणाच्या चढउतारामुळे. चढउतार लहान राहिला तर मूळचा ताण मोठा असूनही बोल्ट दीर्घकाळ टिकतो. उलट कमी कसलेल्या बोल्टावर सांधा प्रत्येक फेऱ्यात किंचित उघडतो आणि सगळी ओढ थेट त्याच्यावर येते. भीतीने हलका कसलेला बोल्ट पूर्ण कसलेल्या बोल्टाआधी जातो, ही त्या काळातल्या अभियंत्यांनाही पचायला जड गेलेली गोष्ट आहे. मधला दांडा आट्यांपेक्षा बारीक ठेवण्याची पद्धतही याच विचारातून रुजली. बारीक दांडा जास्त लवचीक असतो, त्यामुळे ओढीतला त्याचा वाटा आणखी घटतो. आटे कापण्याऐवजी रोल करण्याचे, म्हणजे दाबून उमटवण्याचे, कारणही थकव्याशीच जोडलेले आहे. रोल केल्याने आट्यांच्या तळाशी धातू दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि चीर सुरू व्हायला वेळ लागतो. उष्णता-प्रक्रियेनंतर रोल केले तर हा फायदा पूर्ण टिकतो.

कारखान्यांत हे बोल्ट कसे जाड होत गेले याचे चांगले उदाहरण शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ मध्ये मिळते. १९५५ चे हे इंजिन २६५ घन इंचांचे होते आणि त्याच्या रॉडचे बोल्ट ११/३२ इंच जाडीचे. पुढे इंजिन २८३, ३२७, ३५० घन इंच असे वाढत गेले. १९६८ मध्ये क्रँकपिन (क्रँकशाफ्टचा रॉड ज्यावर बसतो तो भाग) २ इंचांवरून २.१ इंचांवर नेली गेली, तेव्हा बोल्टही ३/८ इंचांचे झाले. व्यासातली वाढ नजरेत भरणार नाही एवढी, पण छेदाचे क्षेत्र त्याने सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. प्रवास नेहमी याच दिशेने झाला असेही नाही. पोर्शे ९११ च्या ३.२ लिटर इंजिनातले ९ मिमीचे बोल्ट हा त्या इंजिनाचा दुबळा दुवा मानला जातो, आणि ते बांधणारे लोक आधी तेच बदलतात.

बाजारात वेगळे, रेसिंगसाठीचे बोल्ट आले ते मुख्यतः कॅलिफोर्नियातून, आणि त्याला कारण होते. कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्यांची एससीटीए ही संघटना १९३७ मध्ये आणि ड्रॅग रेसिंगची एनएचआरए १९५१ मध्ये तिथेच स्थापन झाली. शेजारीच विमान उद्योग होता. विमानांच्या बोल्टांचे पोलाद, बारा कोनांची डोकी, रोल केलेले आटे हे सगळे ज्ञान त्या कारखान्यांत होते. फ्रेड कॅरिलो यांचे एच-बीम, म्हणजे एच आकाराच्या छेदाचे, रॉड १९६० च्या दशकात तिथून पुढे आले. विमानांच्या बोल्टांच्या व्यवसायातून आलेल्या गॅरी होल्झापफेल यांनी १९६८ मध्ये एआरपी ही कंपनी सुरू केली. आज या बोल्टांत ८७४० हे क्रोम-मॉली पोलाद सुमारे १,८०,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) ताणशक्तीचे, एआरपी २००० हे २,२०,००० चे आणि सर्वांत वरचे मिश्रधातू २,६०,००० चे किंवा त्याहून जास्तीचे मिळतात. वरच्या पायरीवर एल-१९ नावाचे पोलाद आहे. ते फार मजबूत, पण ओलाव्याने आतून ठिसूळ होते, हाताचा घामही त्याला चालत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ते घेऊ नये असे मला ठाम वाटते.

बोल्ट जास्त मजबूत घेण्याचा खरा लाभ हा की त्याला जास्त ताणून ठेवता येते. त्यातून दोन कामे आपोआप वाढतात. वाढलेल्या दाबाने मोठ्या टोकाचा बोअर गोल राहत नाही. कॅपची बैठक किंचित घासून, नवे बोल्ट पूर्ण कसून, बोअर पुन्हा होन करावा, म्हणजे आतून घासून गोल करावा लागतो. जुन्या रॉडमध्ये नुसते नवे बोल्ट ठोकले तर बेअरिंगच बळी जाते. १९९० च्या दशकापासून पसरलेल्या, कॅप तोडून वेगळी केलेल्या रॉडमध्ये तर हा उपायही अपुरा पडतो. तिथे दोन भागांचे खडबडीत तुटलेले पृष्ठच एकमेकांत बसतात, ते घासता येत नाहीत, म्हणून बरेच जण पूर्ण रॉडच बदलतात.

दुसरे काम मोजण्याचे. टॉर्क रेंचने लावलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. तेल बदलले, वंगण बदलले की त्याच टॉर्कला ताण वेगळा येतो. कारखान्यांनी यावर ठरावीक कोनात फिरवून बोल्ट यील्डपर्यंत, म्हणजे तो कायमचा लांबू लागतो तिथपर्यंत, नेण्याची पद्धत काढली, आणि असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात. रेसिंगच्या इंजिनांत बोल्टाची लांबीच मोजतात. दोन्ही टोकांच्या खळग्यांत गेज बसवून तो साधारण ०.१३ ते ०.१५ मिमी लांबेपर्यंत कसतात. न कसलेल्या प्रत्येक बोल्टाची मूळ लांबी आधीच लिहून ठेवलेली असते. पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर, सैल केलेला बोल्ट त्या आकड्यापेक्षा ०.०२५ मिमीने लांब भरला तर तो पुन्हा बसवत नाहीत.