आफ्रिकी सृष्टिकथा आणि त्यांतील तत्त्वविचार

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील समाजांत जगाच्या व मानवाच्या उत्पत्तीविषयी मुखपरंपरेने चालत आलेल्या कथा, मंत्र व विधी आणि त्यांतून व्यक्त होणारा विचार. या प्रदेशात एक हजाराहून अधिक भाषा बोलल्या जात असल्याने एकच ‘आफ्रिकी सृष्टिकथा’ सांगता येत नाही. तरीही या कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांचा भर शून्यातून जग उत्पन्न करण्यापेक्षा आधीपासून असलेल्या पाण्याला, मातीला किंवा बीजाला रूप देण्यावर असल्याचे जाणवते.

नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. आरंभी खाली केवळ पाणी होते. ओलोदुमारे या परमदेवाने ओबाताला या देवतेला गोगलगायीच्या शंखात माती आणि पाच बोटांची कोंबडी देऊन साखळीवरून खाली धाडले. परंतु वाटेत ताडी पिऊन तो झोपी गेला आणि ते काम ओदुदुवा या दुसऱ्या देवतेने पूर्ण केले. कोंबडीने माती उकरून चहूकडे पसरली व भूमी झाली. ते स्थान म्हणजे इले-इफे हे आजही नांदते असलेले नगर होय. दुसऱ्या पाठानुसार ही भूमी ओबातालानेच घडवली. दोन्ही पाठ टिकून आहेत.

पुढचा भाग तात्त्विकदृष्ट्या अधिक मोलाचा आहे. ओबाताला मातीची शरीरे घडवतो, ओलोदुमारे त्यांत ‘एमी’ म्हणजे प्राण घालतो. मात्र ‘ओरी’, म्हणजे आतले मस्तक किंवा नशीब, प्रत्येक जीव जन्मापूर्वी अजाला नावाच्या कुंभाराकडून स्वतः निवडून आणतो. अजालाची काही मस्तके कच्ची भाजलेली असतात आणि वरून पाहून ते कळत नाही. निवड आपली, पण ती अजाणता केलेली. मग तिची जबाबदारी किती, हा प्रश्न ही कथा ज्या नेमकेपणाने उभा करते, तो कोणत्याही तत्त्वज्ञान-परंपरेला भूषणावह ठरावा.

झुलू परंपरेत उनकुलुनकुलु हा आद्य पुरुष बोरूच्या बनातून प्रकटला. ‘माणसे मरणार नाहीत’ हा निरोप घेऊन त्याने शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या प्राण्याला पाठवले. तो रेंगाळला आणि मागून मृत्यूचा निरोप घेऊन निघालेला सरडा आधी पोहोचला.

विसाव्या शतकात या सामग्रीच्या अर्थावरून गंभीर वाद झाला. केनियाचे धर्मविचारक जॉन म्बिती यांनी 1969 मध्ये या श्रद्धांमागे सर्वत्र एकाच सृष्टिकर्त्या ईश्वराची जाणीव असल्याचे मांडले. युगांडाचे कवी व विचारवंत ओकोट प्’बितेक यांनी अशा मांडणीला तीव्र आक्षेप घेतला. त्यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार 1911 मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी युगांडातील अचोली समाजाच्या वृद्धांना ‘तुम्हाला कोणी निर्माण केले?’ असे विचारले. अचोलींच्या भाषेत ‘निर्माण करणे’ ही कल्पनाच नसल्याने प्रश्न ‘तुम्हाला कोणी घडवले?’ असा झाला. माणूस आईच्या पोटी जन्मतो, असे वृद्ध सांगत राहिले. अखेर एकाला आठवले की, पाठीच्या कण्याच्या क्षयाने माणसाला कुबड आणणारा, म्हणजे त्याला ‘घडवणारा’, रुबांगा नावाचा आत्मा आहे. आणि तेच नाव पुढे ईश्वरासाठी रूढ झाले. घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेदू यांनीही तेथील अकान भाषेचा आधार घेतला: तिच्यात ‘असणे’ म्हणजे कोठेतरी असणे, म्हणून निखळ शून्यातून निर्मिती तिथे अर्थहीन ठरते आणि अकानांचा न्यामे हा देव विश्वाचा शिल्पकार आहे. बेनिनचे तत्त्वज्ञ पोलँ हुंतोंजी यांनी तर समूहाच्या श्रद्धेला तत्त्वज्ञान म्हणण्यालाच विरोध केला, कारण त्यामुळे व्यक्तीचा स्वतंत्र विचार झाकला जातो. हा आक्षेप रास्त आहे. मात्र कथेचे दोन पाठ जपणाऱ्या समाजात मतभेदाला जागा नव्हती, असेही म्हणता येत नाही.

योरुबांच्या अनेक कथा इफा या भविष्यकथन-पद्धतीच्या 256 ओदूंच्या (विभागांच्या) मौखिक संग्रहात सामावलेल्या असून बाबालावो म्हणजे इफाचे पुरोहित तो मुखोद्गत करतात. युनेस्कोने 2005 मध्ये इफाचा गौरव केला व 2008 मध्ये त्याचा अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला. गुलामांच्या व्यापारात अटलांटिकपार नेलेल्या माणसांबरोबर हे दैवतविश्व क्यूबा व ब्राझीलमध्ये पोहोचले. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ओबाताला ‘ओशाला’ या नावाने पूजला जातो, आणि त्याचे भक्त शुक्रवारी पांढरी वस्त्रे नेसतात.