घरटं इतक्यात उघडू नका

मुंग्या पाळू इच्छिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्ही घेतलेल्या खोक्यात प्लास्टरचं घरटं आहे, त्याला जोडायचा झाकणाचा डबा आहे (बाहेरचे लोक त्याला आउटवर्ल्ड म्हणतात, आम्ही अंगण म्हणतो), दोन टेस्ट ट्यूब आहेत आणि लाल पारदर्शक कागदाचा एक तुकडा आहे. यातली सगळ्यात देखणी वस्तू घरटं, आणि नेमकी तीच पहिले काही महिने तुम्हाला लागणार नाही. विकणाऱ्यानंच असं सांगावं हे विचित्र वाटेल. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट निघते, ती म्हणजे घाई.

खोक्यात राणी नाही, आणि ती विसरलेली नाही. आम्ही मुंग्या पाठवत नाही. एका भागातली जात दुसऱ्या भागात सुटली की तिथल्या मुंग्यांवर गदा येते. म्हणूनच अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जिवंत राणी न्यायला कृषी खात्याचा परवाना लागतो. केनियात 2025 साली दोन बेल्जियन तरुण सुमारे 5,000 मुंग्यांसह पकडले गेले. टेस्ट ट्यूबमध्ये कापूस घालून मुंग्या पॅक केल्या होत्या. न्यायालयानं त्यांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड ठोठावला. तुमच्या परिसरात मिळते तीच राणी पाळा आणि तुमच्याकडचे नियम आधी पाहून घ्या.

राणी शोधण्यासाठी वारूळ खणू नका. ती सहसा खोल असते, हाताला लागत नाही आणि वारूळ मात्र मोडतं. तिची वेळ वेगळी आहे. पाऊस पडून गेल्यावर, हवा दमट आणि वारा पडलेला असताना पंखवाल्या मुंग्या, म्हणजे नर आणि नव्या राण्या, मीलनासाठी बाहेर पडतात. ‘मरणकाळी मुंगीला पंख फुटतात’ ही म्हण नरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे, मीलनानंतर ते फार जगत नाहीत. बहुतेक राण्याही पक्ष्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी जातात. ज्या वाचतात त्या जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकतात आणि बिळासाठी जागा शोधत फिरतात. हीच तुम्हाला हवी ती राणी.

ओळखताना डोकं पाहू नका, पाठ पाहा. मुंगळ्यांच्या मोठ्या कामकऱ्यांची डोकी राणीहूनही दांडगी असतात आणि त्यांना राणी समजून घरी आणणारे आम्हाला दर हंगामात भेटतात. कामकरीचा छातीचा भाग सडपातळ असतो. राणीचा फुगीर, कुबड आल्यासारखा, कारण उडण्याचे स्नायू तिथेच असतात. भिंग धरलंत तर पंख गळल्याच्या खुणाही दिसतील. पंख गळलेत म्हणजे मीलन झालंच, असं मात्र नाही. बिनफळलेल्या अंड्यांतून सहसा फक्त नर निघतात, त्यामुळे पहिल्या पिढीत पंखवाले नरच दिसले तर ती राणी वसाहत उभी करू शकणार नाही.

आता टेस्ट ट्यूब. निम्म्याहून थोडं कमी पाणी भरा. वरून कापसाचा बोळा असा दाबा की त्याची अलीकडची बाजू ओलसर होईल, पण थेंब सुटणार नाही. बोळा आणि पाणी यांच्यामध्ये मोठा बुडबुडा राहू देऊ नका. मग राणी आत सोडा आणि तोंडाशी कोरडा, सैलसर बोळा लावा, म्हणजे हवा खेळती राहील. नळी कागदात गुंडाळा आणि अंधाऱ्या, उबदार कपाटात आडवी ठेवा. चोवीस ते अठ्ठावीस अंश तापमान पुष्कळ जातींना मानवतं. फ्रिजच्या डोक्यावर, वॉशिंग मशीनजवळ किंवा स्पीकरशेजारी ठेवू नका, मुंग्यांना पायाखालचे हादरे चटकन कळतात.

मग नळी विसरून जा. आठवड्यातून एकदा, अर्धा मिनिट पाहिलं तरी भरपूर झालं. खायला घालायचं नाही. मुंगळ्यांसारख्या जातींची राणी पहिले कामकरी निघेपर्यंत काहीही खात नाही. आता उपयोग नसलेले उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून ती पिलांना भरवते. काही जातींच्या राण्या या काळातही खायला बाहेर पडतात, म्हणून तुमच्या राणीची जात कोणती ते आधी माहीत करून घ्या. रोज उजेडात काढून पाहिलेली राणी बऱ्याचदा घाबरून आपलीच अंडी खाते. मग ग्राहक आम्हाला लिहितात, ‘काल अंडी होती, आज नाहीत.’ कपाट कितीदा उघडलं असं विचारलं की उत्तर थोडं उशिरा येतं.

मुंगळ्यांमध्ये अंड्यापासून पहिल्या कामकरीपर्यंत दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. छोट्या, चपळ जातींमध्ये महिनाभरात काम होतं. पहिल्या कामकऱ्या अगदी चिमुकल्या असतात, पुढच्यांपेक्षा कितीतरी बारीक. त्यांना अशक्त समजू नका. राणीनं उपाशीपोटी, अंगावरच्या शिध्यावर वाढवलेली ही पोरं आहेत.

त्या दिसल्या की पहिल्यांदा खाऊ द्या. टाचणीच्या टोकाएवढा साखरपाण्याचा थेंब, एक भाग साखर आणि तीन-चार भाग पाणी. थेंब मोठा झाला तर त्यात त्या बुडतात. एखादी थेंबाशी स्थिर उभी राहिली की भिंगातून तिचं पोट पाहा. काळ्या चकत्या एकमेकींपासून सरकतात, मधली फिकट त्वचा ताणली जाते आणि पोटावर पट्टे उमटतात. मग ती वळते, राणीशी तोंडाला तोंड लावते आणि पोटातलं तिला देते. हा साठा एकटीचा नसतो, सगळ्या वसाहतीचा असतो. तासाभरापूर्वी एकटीनं प्यायलेलं पाणी थोड्या वेळानं चौघींच्या पोटात दिसतं. आम्ही इतकी वर्षं हे पाहतोय, तरी हातातलं काम बाजूला राहतंच.

वाढत्या अळ्यांना प्रथिनं लागतात, म्हणून आठवड्यातून दोनदा एखाद्या किड्याचा बारीक तुकडा द्या. घरात मेलेली माशी किंवा झुरळ नको. फवारा मारला असेल तर तेच विष वसाहतीच्या पोटात जाईल. विकतचे अळी-किडे उकळत्या पाण्यातून काढून द्या, म्हणजे त्यांच्यावरच्या गोचिडासारख्या बारीक किडी मरतील. उरलेलं दुसऱ्या दिवशी उचला. दाणे गोळा करणाऱ्या जातींना बी द्यावं लागतं, त्या ते चावून त्याचा लगदा करतात.

कामकऱ्या पंचवीस-तीस झाल्या की घरटं. आधी का नाही? मोठ्या जागेत थोड्याशा मुंग्या उरलेलं अन्न आणि मेलेल्या बहिणी दूरच्या दालनात टाकतात, तिथे बुरशी येते, आणि ती साफ करायला आपण घरटं उघडतो. एका ग्राहकानं आठ कामकऱ्यांची वसाहत थेट घरट्यात सोडली. महिनाभरानं एक दालन पांढरं झालं, दुसऱ्या महिन्यात राणी गेली. त्याला नवीन घरटं देऊन उपयोग नव्हता, टेस्ट ट्यूबच द्यावी लागली.

स्थलांतर करताना मुंग्या झटकून ओतू नका. नळी अंगणात ठेवा, घरटं ओलसर करून त्यावर लाल कागद लावा आणि नळी उजेडात उघडी ठेवा. लाल प्रकाश पुष्कळ मुंग्यांना फारसा दिसत नाही, म्हणून त्यांच्या लेखी तिथे अंधारच असतो. त्या स्वतः जातील. कधी रात्रीतून, कधी पंधरा दिवसांनी.

अंगणाच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि रबिंग अल्कोहोल (जखम पुसायचं स्पिरिट) यांचा पातळ लेप द्या आणि वाळू द्या, म्हणजे त्या वर चढून बाहेर येत नाहीत. दमट हवेत हा लेप निकामी होतो. आमच्या टेबलावर हे एका पावसाळ्यात कळलं, आणि बिलबुकातून मुंग्या वेचायला अख्खी दुपार गेली. लेप दर काही आठवड्यांनी पाहा आणि झाकणही लावा.

नव्या मुंग्या आणून वसाहतीत मिसळू नका. वास वेगळा असतो, त्या मारल्या जातात. हाच नियम दुसऱ्या राणीला.

निर्णय मात्र आधीच नीट घ्या. पाळलेली काळ्या बागमुंगीची एक राणी 28 वर्षांहून जास्त जगली होती. सगळ्या जाती इतक्या जगत नाहीत, पण अनेक राण्या काही वर्षं तरी सहज काढतात. कंटाळा आला तर वसाहत बाहेर सोडू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. राणी मेली तर उरलेल्या कामकऱ्या काही आठवडे किंवा महिने जगतील. त्यांना नेहमीसारखं खाऊ घाला. त्यानंतर घरटं नुसत्या पाण्यानं धुवा, साबण लावू नका, प्लास्टर तो शोषून घेतं. दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण कोरडं करा, आणि नवी राणी मिळाली तरी पहिली जागा टेस्ट ट्यूबचीच.