पिल्लू पहिल्यांदा ग्रूमिंगला आणताना

पहिल्या भेटीत आम्ही तुमच्या पिल्लाचा हेअरकट करत नाही. हे आधीच सांगतो, कारण बरेच जण मोबाईलमध्ये एखादा गोंडस फोटो घेऊन येतात, ‘असं करून द्या’ म्हणतात, आणि पाऊण तासाने पिल्लू जवळपास आलं तसंच परत मिळालं की हिरमुसतात. पहिल्या भेटीचं काम वेगळं असतं. हे टेबल, हा आवाज, हे अनोळखी हात यांच्यापासून आपल्याला धोका नाही, एवढं पिल्लाला कळलं की ती भेट झाली. शिह त्झू, ल्हासा किंवा पूडल असेल, तर पुढची दहा-बारा वर्षं दर महिना-दीड महिन्याला त्याला कुणा ना कुणा ग्रूमरकडे जायचंच आहे. ते शेपूट हलवत आत येणार की दारातच पाय रोवून बसणार, हे बऱ्याच अंशी या पहिल्या दोन-तीन भेटींत ठरतं.

केव्हा आणायचं

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवीन माणसं, नवीन आवाज, नवीन स्पर्श सहज स्वीकारतं. या काळात जे पाहिलं ते ओळखीचं होतं, आणि नंतर समोर येणाऱ्या गोष्टींबद्दल संशय वाढत जातो. पण नेमक्या याच काळात त्याच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतात. लसींचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास पडतो. पार्व्हो या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराचा विषाणू तर फरशीवर, मातीत, चपलेच्या तळाला महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाईलने तो जात नाही.

म्हणून आम्ही मधली वाट काढली आहे. किमान दोन डोस झालेले असतील आणि शेवटच्या डोसला आठवडा उलटला असेल, तर पिल्लाला नुसतं ओळखीसाठी आणा. त्याला सकाळची पहिली वेळ देतो. आदल्या रात्री फरशी, टब आणि टेबल ब्लीचच्या पाण्याने पुसून, धुऊन, वाळवून ठेवलेलं असतं, आणि त्या वेळेत दुसरा कुत्रा आत नसतो. दारापासून टेबलापर्यंत पिल्लू तुमच्या कडेवरच राहील, खाली सोडायचं नाही. पूर्ण अंघोळ आणि केसांचं काम मात्र शेवटचा डोस आणि रेबीजची लस झाल्यावर, त्यानंतर आठवडा जाऊ देऊन. तुमच्या डॉक्टरांनी याहून जास्त थांबायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, पिल्लाची तब्येत आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

याउलट ‘जरा मोठं होऊ दे’ म्हणत सात-आठ महिने थांबू नका. मागे एक शिह त्झू आली होती, आठ महिन्यांची. घरचे रोज ब्रश करत होते, खरंच करत होते. पण ब्रश वरवर फिरत होता आणि मुळाशी जटा बसत होत्या. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली केसांचं अक्षरशः नमद्यासारखं जाड कापड झालं होतं. त्यात दर रविवारी अंघोळ. जट ओली होऊन वाळली की आणखी आवळते. मशीन कातडीलगत फिरवून सगळं काढावं लागलं, खाली कातडी लालभडक. तिच्या ताईला रडू आवरत नव्हतं, आणि त्या मुलीची ग्रूमिंगशी पहिली ओळख ही अशी झाली. आता ती बरी आहे, पण काखेजवळ हात गेला की अजून अंग चोरते.

घरची दहा मिनिटं

खरं सांगायचं तर आमच्याकडे येण्याआधीचे पंधरा दिवस आमच्या पाऊण तासापेक्षा मोलाचे आहेत. रोज दहा मिनिटं काढा, संध्याकाळी टीव्हीसमोर बसलात तरी चालेल. पिल्लाला मांडीवर घ्या. एक पंजा हातात धरा, हलकेच दाबा म्हणजे नखं पुढे येतील, सोडा, खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा पंजा. कान उलटून आत बघा. ओठ वर करून दात बघा. शेपटीखाली हात न्या. हनुवटीखालचे केस चिमटीत धरून डोकं क्षणभर स्थिर ठेवा, कारण चेहऱ्यावर कात्री चालवताना आम्हाला नेमकं हेच करावं लागतं. पिल्लाने पाय ओढून घेतला तर झटापट करू नका. पकड सैल करा, ते निवांत झालं की सोडा. ओढलं की सुटका होते, हे त्याने शिकता कामा नये.

आवाजाची सवय घरातच होते. मिक्सर दुसऱ्या खोलीत लावा आणि त्याच वेळी इकडे पिल्लाला खाऊ द्या. चार दिवसांनी दार उघडं ठेवा. घरात कुणाचा दाढीचा ट्रिमर असेल तर तो चालू करून आधी लांब धरा, मग जवळ आणा, मग त्याची मागची बाजू पिल्लाच्या खांद्याला टेकवा. हेअर ड्रायरचा वारा मात्र तोंडावर कधीच सोडू नका.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा पनीर उत्तम. बेदाणे, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको, कुत्र्याला ते विषारी आहे. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा उचलला जाणार नाही हेही बघा.

लांब केसांचं पिल्लू असेल तर ब्रशनंतर धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरवा. केसांचा भांग पाडत, कातडी दिसेल अशा एकेका ओळीने. कंगवा अडला की तिथे गुंता आहे. मूळ बोटांनी धरून, टोकाकडून थोडा थोडा सोडवा.

गावठी पिल्लालाही आणावं का?

जरूर आणा. आखूड केसांच्या इंडीला, बीगलला किंवा मुधोळला हेअरकट लागत नाही, पण नखं, कान आणि गोचीड सगळ्यांनाच असतात. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाला तर माणसाच्या हाताची भीती आधीपासूनच असू शकते. अशा पिल्लासाठी आम्ही एकाऐवजी दोन-तीन ओळखीच्या भेटी ठेवतो आणि पैसे एकाच भेटीचे घेतो.

त्या दिवशी

दोन तास आधी खायला द्या, नंतर नको, गाडीत उलटी होते. अगदी चिमुकल्या जातीच्या पिल्लाला मात्र फार वेळ उपाशी ठेवू नका. त्याची साखर पटकन उतरते, पाय लटपटायला लागतात. त्याचा थोडा खाऊ बरोबर ठेवा. निघण्याआधी शी-शू होऊ दे. स्कूटरवर पायापाशी उभं करून आणू नका. रिक्षा किंवा कार बरी, आणि बास्केटमध्ये घरचा, घरचाच वास असलेला टॉवेल. तोच टॉवेल आम्ही टेबलावर अंथरतो. लसींचं पुस्तक लागेलच, फोटो असला तरी चालेल.

गोचीड-पिसवांचं औषध मानेवर टाकलं असेल तर कधी टाकलं ते सांगा. ही औषधं कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात आणि शाम्पूने ते तेल धुऊन जातं, म्हणून टाकण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल किंवा तेल ओतू नका. आम्ही चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढतो आणि किती निघाल्या ते तुम्हाला सांगतो. खूप असतील तर आधी डॉक्टर. गोचीडतापात पिल्लू झपाट्याने ढासळतं.

आणि एक कळकळीची विनंती. पिल्लू शांत राहावं म्हणून सर्दीची किंवा झोपेची गोळी देऊन आणू नका. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या पिल्लांना मुळातच श्वास पुरत नाही. दिली असेल तर लपवू नका. आम्ही रागावणार नाही, काम पुढच्या तारखेला करू.

आत काय होतं

पहिली दहा मिनिटं तुम्ही बरोबर थांबा. पिल्लू टेबलावर ठेवतो, वास घेऊ देतो. टेबलावर रबराची चटई असते, कारण पाय घसरला की पिल्लू सगळ्यात जास्त घाबरतं. मग तुम्ही बाहेर बसा, काचेतून दिसतं. निरोप लांबवू नका. ‘माझं बाळ, मी आलेच हं’ चालू राहिलं की पिल्लाला वाटतं काहीतरी वाईट होणार आहे. शिवाय तुम्ही समोर असलात तर ते तुमच्याकडे झेप घेतं, आणि टेबलावरून पडलेल्या पिल्लाचा पाय मोडायला वेळ लागत नाही. एक हात त्याच्या अंगावर कायम असतो. गळ्याचा पट्टा टेबलाला बांधून आम्ही पिल्लू कधीच एकटं सोडत नाही.

मशीन चालू करून त्याची मागची बाजू खांद्याला टेकवतो. पातं लावत नाही, नुसती थरथर जाणवू देतो. बहुतेक पिल्लं आधी थबकतात, मान वळवून बघतात, आणि चिकन पुढे आलं की पुन्हा समोर बघतात. तेवढ्यावर थांबतो. पुढे लसी पुऱ्या झालेल्या असतील आणि पिल्लू तयार असेल तर कोमट पाण्याने अंघोळ. पाणी मागच्या पायांपासून सुरू करतो, चेहरा शेवटी आणि ओल्या कापडानेच. शाम्पू कुत्र्यांचाच. आपल्या कातडीपेक्षा त्यांची कातडी पातळ असते आणि तिची आम्लता वेगळी असते, म्हणून घरीसुद्धा तुमचा किंवा लहान बाळाचा शाम्पू लावू नका. मग टॉवेलने टिपून, कानांवरून मऊ कापडी पट्टी चढवून, ड्रायर सगळ्यात कमी वेगावर. बंद पिंजऱ्यात ठेवून वाळवायची पद्धत आमच्याकडे नाही. आत गरमी कोंडते आणि त्यात कुत्री दगावली आहेत.

केसांत हात घालतो तो गरजेपुरता. डोळ्यांत टोचणारे, शी चिकटते तिथले, आणि तळव्याच्या गाद्यांमधले. हे शेवटचे महत्त्वाचे, आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर त्यांच्यामुळे पिल्लं घसरतात.

नखांबद्दल थोडं सविस्तर. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. हे काम शिकायच्या आधी मी माझ्या लॅब्रॅडोरचं काळं नख घरीच कापलं होतं, एकाच झटक्यात. रक्त तुरटीने थांबलं, पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती मला उजवा पंजा देत नव्हती. त्यामुळे इथे काळं नख आम्ही कणाकणाने कापतो. कापलेल्या जागी मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबायचं. पहिल्या भेटीत चार नखं झाली तरी आम्हाला पुरतात. अंगठ्याचं नख तेवढं विसरत नाही. ते जमिनीला घासत नाही, गोल वळून कातडीत रुततं.

पिल्लू थरथरायला लागलं, धापा टाकायला लागलं किंवा खाऊकडेही बघेना, तर आम्ही काम तिथेच थांबवतो. अर्धं अंग झालेलं असलं तरी थांबवतो. उरलेलं आठवड्याने करू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

‘उन्हाळा आहे, टक्कल करा’

एप्रिल लागला की ही मागणी रोज येते. पॉमेरेनियन, लॅब्रॅडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांना आम्ही नाही म्हणतो. यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत लोकरीसारखा मऊ आणि वर राठ. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. सुटलेली लोकर विंचरून काढली की हवा खेळते आणि कुत्र्याला खरंच बरं वाटतं. सगळं मशीनने उतरवलं तर ऊन थेट कातडीवर. आणि पॉमचे केस कधीकधी परत नीट येतच नाहीत, महिनोन्‌महिने ठिगळं दिसत राहतात. असं पॉम एकदा पाहिलं की पुन्हा मशीन उचलायचा धीर होत नाही.

कानातले केस उपटणं आणि शेपटीखालच्या ग्रंथी पिळणं हेही पिल्लांना आम्ही करत नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांच्याकडेच करून घ्या.

घरी गेल्यावर

पिल्लू त्या दिवशी गाढ झोपेल, झोपू द्या. दोन दिवस लक्ष ठेवा. सतत कान झटकणं, एकाच जागी चाटणं किंवा खाजवणं, लाल चट्टा, लंगडणं, यातलं काही दिसलं तर फोटो पाठवा आणि फोन करा. चूक आमच्या हातून झाली असेल तर ती आम्हाला कळायला हवी, आणि डॉक्टरांचा खर्च आम्ही देऊ. पावसाळ्यात फिरवून आणल्यावर पंजे आणि पोट कोरडं करा. ओल राहिली की बुरशी येते आणि गुंताही वाढतो.

दुसरी भेट तीन-चार आठवड्यांनी ठेवा. खरा हेअरकट साधारण तिसऱ्या भेटीत. फोटो तेव्हा आणा, बसून ठरवू.

पहिल्या भेटीला पूर्ण ग्रूमिंगच्या निम्मे पैसे. वेळ मंगळवार ते शुक्रवार सकाळीच देतो, शनिवार-रविवारी गर्दी आणि भुंकणं फार असतं. दिवाळीच्या आठवड्यात पहिली भेट ठेवत नाही, फटाक्यांनी आधीच बिथरलेल्या पिल्लाला त्यात नवी जागा नको. फोन करताना पिल्लाचं वय, जात, शेवटच्या लसीची तारीख सांगा, आणि ते कशाला घाबरतं तेही. कुकरच्या शिट्टीला, छत्रीला, दाढीवाल्या माणसाला, काहीही असलं तरी. आम्ही ते त्याच्या कार्डावर सगळ्यात वर लिहून ठेवतो.