स्मृतिभ्रंशस्नेही समाज (बेळगाव सीमाभाग)

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तीला घरात जपून ठेवण्यावरच न थांबता गल्ली, देऊळ, दुकान, बसथांबा व सभा-समारंभ यांतील तिचा वावर जमेल तितका टिकवणारी आणि त्याबाबतचे निर्णय तिला विचारून घेणारी वस्ती. स्मृतिभ्रंश हा एकच एक रोग नसून लक्षणसमूह आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण. येथे बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील मराठीभाषक वस्तीच्या संदर्भात विचार केला आहे.

या कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे मूळ ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड (१९३७–९८) याच्या ब्रॅडफर्ड येथील कामात आहे. रुग्णाची घाई करणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयीच बोलणे, लहान मुलासारखे वागवणे यांमुळे होणारे खच्चीकरण मेंदूतील बिघाडापेक्षा कमी घातक नसते, अशी किटवुडची मांडणी होती. मात्र त्याचा भर शुश्रूषा देणाऱ्या संस्थांवर होता, गाव-वस्तीवर नव्हे. दुसरे मत जपानला अग्रमान देते. तेथे २००४ मध्ये आजाराचे हीनतादर्शक नाव सरकारी पातळीवर बदलले गेले. पुढच्या वर्षापासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुले यांना सुमारे ९० मिनिटांचे प्रशिक्षण देऊन ‘सहायक’ बनवण्याची मोहीम सुरू झाली. मनगटातील नारिंगी कडे ही त्यांची खूण होती. ब्रिटनमधील २०१३ ची मोहीम याच धर्तीवर उभी राहिली. बेल्जियममधील ब्रूज शहरात दुकानांच्या दारावर गाठ मारलेल्या रुमालाचे चिन्ह लावण्याची प्रथा बहुधा २०१० च्या आसपासची असावी. तिसरे मत स्कॉटलंडमध्ये २००२ साली स्थापन झालेल्या कार्यगटाकडे बोट दाखवते. तो स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींनी स्वतः चालवला. प्रशिक्षित सहायकांची मोजदाद करता येते, म्हणून जपानचा उल्लेख अधिक आढळतो. परंतु रुग्णाचा सहभाग हाच गाभा मानला तर स्कॉटलंडचा टप्पा अधिक ग्राह्य ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७–२५ च्या स्मृतिभ्रंशविषयक कृती आराखड्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

भारतात या क्षेत्रातील संघटित काम १९९२ पासून, प्रथम केरळात सुरू झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा. स्त्रियांमध्ये व ग्रामीण भागात प्रमाण अधिक आहे. कर्नाटकाने २०२२ मध्ये निम्हान्स या बंगळूरमधील मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने मेंदू-आरोग्याचा उपक्रम हाती घेतला.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेचा पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आज ऐंशीच्या घरात असलेल्या पिढीतील अनेकांचे शालेय शिक्षण मराठीत झाले. कन्नड त्यांनी बाजारात, शेतावर किंवा मागावर ऐकून उचलली. हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरील २०१३ च्या अभ्यासात द्विभाषकांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे आढळले, निरक्षरांमध्येही. टोरांटो येथील २००७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असाच होता, पण तेथे स्थलांतरितांचे प्रमाण मोठे असल्याने त्यावर आक्षेप घेतले गेले. हैदराबादेत ती अडचण नव्हती. तरीही निरोगी व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत हा लाभ सातत्याने दिसलेला नाही. सीमाभागात आजार उशिरा येतो, असे त्यावरून म्हणणे घाईचे होईल.

उलट, आजार बळावल्यावर मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी विरते, आणि ही बाब येथे अधिक महत्त्वाची आहे. बोलता येणारी कन्नड वाचता येईलच असे नाही; ज्याने ती लिपी कधी गिरवली नाही, त्याला केवळ कन्नड पाटी असलेल्या बसथांब्यावर धड डोक्याच्या दिवसांतही विचारूनच चढावे लागे. आता विचारायचे काय तेच सुचत नाही. निदानातही हा धोका आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुभाषिक बोधन (स्मरण, आकलन, भाषा इ. तपासणाऱ्या) चाचण्या प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाल्या. त्यांत मराठी नव्हती. मराठीत शिकलेल्या आजीची चाचणी कन्नडमधून घेतली, तर गुण भाषेमुळे घटले की आजारामुळे, हे ठरवणे अवघड होते. हा राज्याराज्यांतील वादाचा मुद्दा नसून तिला योग्य उपचार मिळण्याचा आहे.

आजाराकडे पाहण्याची दृष्टी मात्र दोन्ही भाषांत सारखीच आहे. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’, तर कन्नडमध्ये ‘अरवत्तक्के अरळुमरळु’ (साठीत बुद्धी भ्रमते). वयोमानच म्हणून सोडून दिल्याने तपासणी लांबते, आणि भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो.

वस्तीची जुनी घडी येथे उपयोगी पडते. गल्लीतील पंचमंडळी, गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे, आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील गावोगावची साहित्य संमेलने यांत वृद्धांना मान असतो. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारा वारकरी हरिपाठाच्या अभंगात पुढची ओळ बरोबर उचलतो, टाळाचा ठेकाही चुकत नाही. सवयीने झालेली स्मृती बराच काळ शाबूत राहते, हे त्याचे शास्त्रीय कारण. शहापूर-वडगाव भागातील विणकराची बोटे तुटलेला धागा अशीच गाठतात. म्हणून अशा वारकऱ्याला कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा हातात टाळ देणे श्रेयस्कर. वाट चुकलेल्या माणसाला ‘घर कुठे?’ असे दरडावण्याऐवजी ‘मामा, बसा जरा, चहा घ्या’ म्हणून ओळखीच्या माणसाला फोन करणारा दुकानदार प्रशिक्षणाशिवायही सहायकच असतो. पण चौकशी आणि पाळत यांतील सीमा पाळावी लागते: घराला बाहेरून कडी घालणे ही सुरक्षितता नव्हे. मंडळाच्या बैठकीत रुग्णाला बोलावणे, प्रश्न एका वेळी एकच आणि त्याच्या भाषेत विचारणे, उत्तराला वेळ देणे, एवढे केले तरी सहभाग सुरू होतो.

कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती व भान यांतील गंभीर बिघाड येतो. आपल्याला कसे उपचार हवेत व कसे नकोत याचे पूर्वनिर्देश लिहून ठेवण्याचा, तसेच प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार हा कायदा प्रत्येक प्रौढाला देतो. समज शाबूत असतानाच ते करावे लागत असल्याने निदान लवकर होणे आणि ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले जाणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.