पॉपॉ

सीताफळ आणि रामफळ यांच्या कुळातला (ॲनोनेसी) एक पानझडी फळवृक्ष. शास्त्रीय नाव ॲसिमिना ट्रायलोबा. काही देशांत पपईलाही याच नावाने ओळखतात, पण दोन्हींचे कूळ वेगळे. ॲनोनेसीतील बहुतेक जाती उष्ण कटिबंधातल्या. पॉपॉ मात्र पूर्व उत्तर अमेरिकेत, कॅनडाच्या दक्षिण ऑन्टॅरिओपर्यंत, नदीकाठच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो आणि कडक हिवाळा सोसतो. किंबहुना हिवाळी थंडी पुरेशी मिळाल्याशिवाय तो नीट बहरत नाही, त्यामुळे कोकण-गोव्याच्या हवेत तो लावण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या मूळ खाद्यफळांत हे सर्वांत मोठे. काही वाणांचे फळ अर्ध्या किलोच्या घरात जाते. पिवळसर गर मऊ, दाट, केळे आणि आंबा यांच्या मधल्या चवीचा. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतील माणसांनी १८०६ च्या सप्टेंबरमध्ये परतीच्या वाटेवर, शिधा संपत आला असताना, याच फळांवर दिवस काढले होते. एवढे असूनही ते बाजारात क्वचितच दिसते. पिकलेले फळ बोटाच्या दाबानेही काळे पडते आणि बाहेर दोन-तीन दिवसच टिकते. कच्चे तोडले तर नीट पिकत नाही. म्हणूनच त्याची खरी जागा परसबागेत.

परसात एकच झाड लावणाऱ्याच्या पदरी बहुधा फुलेच पडतात. वसंतात पाने फुटण्याआधी गर्द तांबूस, खाली झुकलेली फुले येतात. प्रत्येक फुलात आधी स्त्रीकेसर पक्व होतो आणि परागकण नंतर सुटतात. शिवाय बहुतेक झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या वाणांची किमान दोन झाडे जवळजवळ हवीत. मुळांतून वर आलेले फुटवे आईझाडाचीच प्रतिकृती असल्याने ते जोडीदार म्हणून उपयोगाचे नाहीत. परागण मधमाश्यांऐवजी माश्या आणि भुंगेरे करतात, तेही बेभरवशाने. त्यांना बोलावण्यासाठी काही हौशी बागवान फांद्यांना सडके मांस टांगतात. शेजाऱ्यांचा विचार करता मऊ कुंचला बरा: परागकोशांचा गोळा तपकिरी, भुसभुशीत झालेल्या फुलातील पराग घेऊन दुसऱ्या वाणाच्या, हिरवी चकचकीत कुक्षी (स्त्रीकेसराचे टोक) असलेल्या ताज्या फुलाला लावावेत. एका फुलातून फळांचा घड धरतो. घड फार झाले तर विरळणी करावी, नाहीतर फांद्या मोडतात.

बी वाळले की मरते. फळातून काढल्यावर ते धुऊन, ओलसर शेवाळात गुंडाळून सुमारे तीन महिने फ्रिजमध्ये ठेवावे लागते. पेरल्यावर आधी सोटमूळ खोल जाते आणि कोंब बऱ्याच आठवड्यांनी वर येतो. या काळात कुंडी उकरून पाहण्याचा मोह टाळावा. सोटमूळ दुखावले की रोप दगावते, म्हणून उंच कुंडी घ्यावी. पहिली एक-दोन वर्षे कडक उन्हापासून आडोसा द्यावा. पुढे मात्र भरपूर उन्हातच जास्त फळे धरतात. जमीन निचऱ्याची, किंचित आम्ल असावी. बियांचे झाड साधारण पाच ते आठ वर्षांनी फळते, कलमी झाड तीन-चार वर्षांत.

‘शेनँडोआ’, ‘सस्क्वेहाना’ हे वाण पॉपॉचे पैदासकार नील पीटरसन यांनी निवडले. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीतही पॉपॉवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे.

कीड फारशी लागत नाही आणि हरणेही पाला टाळतात. झेब्रा स्वॉलोटेल फुलपाखराच्या अळ्या मात्र ॲसिमिना प्रजातीतल्या झाडांवरच जगतात. त्या पानांचे थोडेफार नुकसान करतात, ते सोसावे. पानांतील ॲसिटोजेनिन ही विषारी द्रव्ये बिया आणि सालीतही असतात, म्हणून दोन्ही काढूनच गर खावा. काहींना गरानेही मळमळते; वाळवलेल्या गराने हा त्रास अधिक होत असल्याने तो वाळवून साठवू नये, गोठवावा.